तांबडी खिडकी आणि सव्वा मूठ गहू

रुपचंदचं वागणं मला आषाढापासून खटकत होतं. पोटचा पोरगा, पण बोलताना माझ्या तोंडाकडे बघेना. सकाळी चहाची बशी हातात धरायची, बशीत बघायचं आणि म्हणायचं, "आज काही आलं नाही, माय." रोज तेच. बशीत काय तोताराम बसला होता, तिच्यात बघून सांगायला?

तोताराम माझा धाकटा. चार वर्षांपूर्वी मस्कतला गेला, तिथं एका कारखान्यात यंत्रं सांभाळतो. आधी त्याची पत्रं टपालानं यायची, वीस-पंचवीस दिवसांनी, पाकिटाचे कोपरे झिजलेले. मग नव्व्याण्णव साली रुपचंदनं मेहरूणच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, त्याच्या झेरॉक्सच्या यंत्राशेजारी, संगणक आणून बसवला. तेव्हापासून तोताराम पत्र हातानंच लिहायचा, पण ऑफिसातल्या कसल्याशा यंत्रावर कागद पालथा घालून त्याचा फोटो काढायचा आणि तो फोटो तारेतून धाडायचा. सकाळी लिहिलेलं दुपारी मेहरूणला. फोन फक्त दिवाळीला. आमच्या फोनवरून परदेश लागत नाही, आणि तिकडे कंपनीच्या वस्तीत एका फोनला पन्नास माणसांची रांग.

मी दुसरी शिकलेली. छापलेलं बोट ठेवून वाचते. पण तोतारामचं अक्षर मला अडत नाही, त्याच्या पाटीवर मीच ते गिरवून घेतलं होतं. उत्तर मी तोंडानं सांगायची आणि रुपचंद ते इंग्रजी अक्षरांत मराठी करून टाइप करायचा. इंग्रजी अक्षर मला उलटं धरलं तरी सारखंच.

त्या साली मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती, तोताराम कानबाईला येतो की नाही.

कानबाई आमच्या खानदेशाची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी उठते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे, आणि तो रोट फक्त घरच्यांनी खायचा. लेक दिली की तिला रोट नाही, ती दुसऱ्यांची झाली. सून आली की तिला रोट, ती आपली झाली. शेजारी कितीही जिवाचा असो, त्याच्या ताटात त्यातला कण पडत नाही. भाऊबंदांत कुणाचं तुटलं, कुणाचं जुळलं, हे आमच्याकडे कोर्टात कळत नाही, रोटाला कळतं. चार वर्षं मी तोतारामच्या नावाची मूठ काढत होते आणि त्याच्या वाट्याचा रोट रुपचंद खात होता. यंदा येतो, असं तोतारामनं चैत्रात लिहिलं होतं. मग अधिक महिना आला, ज्येष्ठ दोनदा झाला, आषाढ लागला, आणि पत्रंच आटली. मी दर आठ दिवसांनी रुपचंदला म्हणायची, त्याला विचार, येतोस ना. रुपचंद बटणं वाजवायचा आणि म्हणायचा, विचारलं.

आता त्या खिडकीचं सांगते. तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

संगणकात दूरचं बघायला जी खिडकी लागते, तिला झुलाल ब्राउझर म्हणतो. झुलाल म्हणजे शेजारच्या इंदिराबाईचा मुलगा, नवी पेठेत संगणक जोडून देतो, दोन लेकरांचा बाप आहे पण मला अजून घाबरतो. संगणकाबरोबर जी खिडकी आली तिची खूण निळी. तिच्यात तोतारामचं पत्र उघडलं की अक्षर मुंगीएवढं. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. झुलालला म्हटलं, मोठं कर. त्यानं काहीतरी दाबलं, छापील अक्षर मोठं झालं, पत्राचा फोटो होता तेवढाच. म्हणाला, अक्का, ही खिडकी फोटो मोठा करत नाही. मग मी काय काचेला भिंग बांधू?

आठवड्यानं तो एक फ्लॉपी घेऊन आला. तळहाताएवढी चकती, तिच्यात मावणारी दुसरी खिडकी. हिची खूण तांबडी. रुपचंदला ते आवडलं नाही. म्हणाला, आयती मिळालेली असताना दुसरी कशाला, सगळं जग निळी वापरतं. मी म्हटलं, सगळं जग बाजारात डोळ्यांनी वांगं घेतं आणि घरी येऊन बिया खातं. भरताचं वांगं हातात धरून बघावं लागतं, दिसायला मोठं आणि वजनाला हलकं असेल तेच घ्यायचं. दोन्ही खिडक्या माझ्यापुढे मांड, मी हातात धरून बघते.

अख्खी दुपार मी झुलालला उठू दिलं नाही. त्यानं एकच पत्र दोन्हीकडे उघडलं. तांबडीत बेरजेची खूण दाबली की सगळंच फुगायचं, फोटोसुद्धा. तोतारामचा एकेक काना माझ्या करंगळीएवढा झाला. एका ठिकाणी शाई पसरली होती, तीही दिसली. तिथं त्यानं पेन थांबवून विचार केला असणार. निळीत ते मला कधी दिसलं नव्हतं.

मग मी म्हटलं, वर एवढी बटणं कशाला? लागत नाहीत म्हणाला. मग काढ, ताटात न खायचं वाढून ठेवतोस का? निळीतली बटणं हटेनात. तांबडीतली त्यानं एकेक करून काढली आणि चारच ठेवली: मागे, पुढे, मोठं, बंद. तीही वरून काढून खाली आणली, म्हणजे माझा हात टेबलावर टेकलेला राहील. पांढरं पान डोळ्याला बोचत होतं, त्याला ज्वारीच्या भाकरीचा रंग दिला. असं एकेक मी सांगत गेले आणि ती खिडकी ऐकत गेली. ह्या घरात माझं इतकं ऐकणारं दुसरं कुणी नाही.

शेवटी विचारलं, आमच्याकडे दिवसातून दोनदा लाईट जाते, मग वाचत होते ते कुठं शोधायचं? झुलाल म्हणाला, निळी सगळं विसरते. हिला सांगून ठेवलं तर ही दर थोड्या वेळानं टिपून ठेवते, आणि लाईट आली की जेवढी पानं उघडी होती तेवढी पुन्हा उघडते, जिथल्या तिथं.

"मग सांगून ठेव तिला," मी म्हटलं. "घरात एकाला तरी आठवण असू दे."

रुपचंद दारात उभा राहून हसत होता. पुढं महिनाभर झेरॉक्सला येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं सांगितलं, आमच्या मायनं संगणकाला मापाचं पोलकं शिवून घेतलंय. लोक हसायचे, मीही हसायची. तो मात्र निळीतच काम करायचा. माझं पत्र आलं की तांबडीत उघडून द्यायचा आणि उठून जायचा. मी आपली एकटी बसून मोठं करून वाचायची. आलं आहे की नाही हे आधी तोच बघायचा. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नव्हतं. दूधवाल्याकडून दूध घेताना आपण त्याच्या गोठ्यात जातो का?

श्रावण लागून तिसरा दिवस, शनिवार. रुपचंदला धुळ्याला जायचं होतं. त्याची लेक मंदा बी.कॉम. झाली, तिच्यासाठी धुळ्याचं एक स्थळ होतं, बोलणी शेवटाला आली होती. निघायच्या आधी तो पुढच्या खोलीत दार लोटून बसला. नऊच्या सुमाराला लाईट गेली. तो बाहेर आला, पायात चप्पल घालता घालता, चपलेकडे बघत म्हणाला, "आज काही आलं नाही, माय." आणि बसस्टँडला गेला.

अकराला लाईट आली. मला चैत्रातलं पत्र पुन्हा बघायचं होतं, तो येतो म्हणाला होता ते. चुकून मीच तर नाही काही भलतं वाचलं, असं मनात येत होतं. मंदा झेरॉक्सच्या कामावर होती, तिनं संगणक चालू करून तार जोडून दिली. तांबडीवर मी बोट दाबलं. तिनं पानं उघडली, एक नाही, दोन.

पहिल्यावर तोतारामचं अक्षर होतं आणि ते आधीच मोठं केलेलं होतं.

मी कुठलंच पत्र मोठं करून ठेवलं नव्हतं. मग कुणी केलं? रुपचंद बेचाळीस वर्षांचा झाला, त्याला जवळचं दिसत नाही, पण चष्मा लावत नाही. व्याह्यांपुढे म्हातारा दिसेन म्हणतो. निळीत त्यालाही मुंगीच दिसली असणार. माझ्या पोलक्याला हसला आणि मी घरात नसल्यासारखं तेच घालून बसला. लाईट गेली म्हणजे पान गेलं, अशी त्याची समजूत. त्याच्या निळीत जातंच.

पत्र असं होतं:

"माय, तू लिहिलंस की यंदा माझ्या नावाचे गहू काढणार नाहीस आणि ओमनाला रोट वाढणार नाहीस. मी तीनदा विचारलं, तीनदा तुझं तेच उत्तर आलं. आता एवढंच सांग, हे तू रागानं म्हणतेस की मनापासून? रागानं असेल तर मी ओमनाला घेऊन येतो, दारात उभा राहतो, तू बोल हवं तेवढं. मनापासून असेल तर येत नाही, पुन्हा विचारणारही नाही. तिकीट मंगळवारपर्यंत धरून ठेवलंय."

मी बोट ठेवून दोनदा वाचलं. ओमना कोण? तीनदा कधी विचारलं? मी कधी उत्तर दिलं? दुसरं पान इंग्रजी अक्षरांचं होतं. मंदाला हाक मारली आणि वाच म्हटलं. ती वाचायला लागली आणि दुसऱ्या ओळीवर थांबली.

"मोठी माय, हे तुमचंच पत्र आहे."

"माझं?"

"खाली तुमचं नाव आहे. वीस दिवसांपूर्वी गेलेलं."

वाच म्हटलं. तिनं मान खाली घालून वाचलं. न सांगता केरळच्या नर्सशी लग्न केलंस, तेव्हा माय आठवली नाही. वांगं तू एकट्यानं निवडलंस, आता भरीतही एकट्यानंच खा. माझ्या पोळपाटावर तुझा रोट नाही, आणि तिचा तर नाहीच नाही.

घरात धाकटी सून झाली होती आणि मला कळू दिलं नव्हतं, हा एक घाव. पण त्याहून खोल दुसरा होता. ती बोली माझी होती. ते वांगं माझं होतं, त्या दुपारचं, दारात उभं राहून त्यानं ऐकलेलं. रुपचंद बेचाळीस वर्षं माझ्या हाताखाली वाढला, माझं बोलणं त्याला कडूगोड सगळं पाठ आहे, आणि त्यातलं कडू तेवढं वेचून त्यानं भावाला धाडलं. तोतारामनं ते खरं का मानलं? कारण मी तसं बोलू शकते. हे मी स्वतःला सांगितलं, दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटली असती.

मंदा रडत होती. म्हणाली, धुळ्याचे लोक जातीपातीचं फार बघतात, बाबा आईला म्हणत होते की काकाचं हे लग्न माझं जमेपर्यंत दाबून ठेवायचं. मी म्हटलं, तू गप बस, ह्यात तुझं बोट कुठं नाही. डोळे पूस आणि लिही.

लिहायचं खरं, पण तोतारामनं माझं मानायचं कसं? माझ्या नावाची तीन खोटी पत्रं त्याच्याजवळ होती, हे चौथं कुणाचं म्हणून त्यानं वाचायचं? गोड लिहिलं तर आणखीच खोटं वाटेल. मग मला ते आठवलं, जे रुपचंदला ठाऊक नाही, कुणालाच नाही. मंदाला म्हटलं, घाल:

"तोताराम, ती तीन पत्रं माझी नव्हती. तू सात वर्षांचा होतास तेव्हा कानबाईला नैवेद्य दाखवायच्या आधी कोठीच्या मागं बसून रोट खाल्लास. मी बघितलं आणि दुसरा रोट थापून ताटात ठेवला. तुझ्या बापाला सांगितलं नाही, देवीची मी माफी मागितली. ओमनाला घेऊन ये. राग आहे, तो दारात सांगीन. रोट दोघांचा थापला जाईल."

पत्र गेलं. मी तिथंच बसून राहिले. थोरल्या सुनेनं जेवायला बोलावलं तरी उठले नाही. एकदा लाईट गेली, एकदा आली, तांबडीनं सगळं पुन्हा जिथल्या तिथं मांडलं. चारच्या सुमाराला मंदा म्हणाली, आलं. मी मोठं केलं. कागदावर दोनच ओळी होत्या, घाईत लिहिलेल्या, काने वाकडे:

"येतो. तू बघितलं होतंस आणि पंचवीस वर्षं मला बोलली नाहीस?"

सांजेला रुपचंद आला. हातात पेढ्यांचा पुडा, तोंड फुललेलं. धुळ्याचे लोक हो म्हणाले, असं उंबऱ्यातच सांगितलं. मी म्हटलं, पुडा देवीच्या कोनाड्यात ठेव आणि इकडे ये. पुढच्या खोलीत मी तोतारामचं सकाळचं पत्र उघडून ठेवलं होतं, आणि इतकं मोठं केलं होतं की काचेभर "माय" एवढंच दिसत होतं.

रुपचंदनं ते दारातूनच वाचलं. त्याला चष्म्याची गरज पडली नाही.

आधी म्हणाला, लाईट गेली होती. मग म्हणाला, मंदासाठी केलं, तिची आयुष्याची गोष्ट होती, चार महिने दाबून ठेवलं असतं आणि मग मीच सगळं सांगणार होतो. धुळ्याला कळलं असतं तर आज पेढे मिळाले असते का? मी ऐकून घेतलं. बापाची काळजी मला कळते, मीही दोन पोरी उजवल्या. धुळ्याला काय सांगायचं ते मी सांगीन, मंदाला लपवाछपवीवर उभं केलेलं घर नको, एवढंच मी म्हटलं. तेव्हा त्यानं मान वर केली आणि कितीतरी दिवसांनी माझ्या डोळ्यांत बघून बोलला.

"माय, मी खोटं काय लिहिलं? तुला कळलं असतं तर तू हेच बोलली असतीस. शब्दसुद्धा तुझेच आहेत."

मंदा दारात उभी होती, तिच्यामागं तिची आई. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझं माहेर धुळ्याकडचं. इकडे येऊन पन्नास वर्षं झाली, चारचौघांत मी नीट बोलते, पण राग पोटातून आला की माझी अहिराणीच वर येते. मी उठले, भिंतीला टेकून उभी राहिले आणि त्याला सांगितलं:

"बोलतू, रुपचंद. दोन दिन बोलतू, आदळआपट करतू. तिसरा दिन गहू निवडाले बसतू. तू मना पयला दिन लिखी धाडा आनि तिसरा दिन गिळी टाका. तुना नावना गहू मी काढसू, देवीपुढे कोन्हं नाव गाळानं काम मनं नही, ते तुनं शे. पन कानबाईना रविवारे समदा भाऊबंद रोटले बसनात का, तोताराम आनि त्यानी बायको समोर बसनात का, तू उभा राहशी आनि तू धाडेल पत्र वाचशी. मना नावनं नही, तुना नावनं. मंगच तुना ताटमा रोट पडी."